फिटरनं मांडलेला नियम

मंडळी, शेजाऱ्याचं चांगलं झालेलं आपण एक वेळ सोसतो, पण साडूचं? आमच्या या फिटरला ते अजिबात सोसत नव्हतं. दोघं बाटल्यांच्या एकाच कारखान्यात होते. हा फिटर, साडू इलेक्ट्रिशियन. साडूला कंपनीची खोली आधी मिळाली, तेव्हा याच्या पोटात दुखलं. साडूला लोक हाका मारून चहाला बोलवायचे, तेव्हाही दुखायचं. आता कामगार संघटनेच्या चिटणीसपदाला दोघंही उभे राहिले, तर याला अन्न गोड लागेना.

त्यातून साडूची ती पोस्टरं! गेटवर, सायकल स्टँडवर, नळापाशी, सगळीकडे ठसठशीत सुरेख अक्षरं. याच्यामागे कुणीतरी पैसेवाला आहे, असं फिटरनं ठरवूनच टाकलं.

अशा तापलेल्या डोक्यानं फिरत असताना त्याला ठेकेदार भेटला. फुटक्या काचा निवडायला हंगामी बायका पुरवायचा तो हाच. त्या बायकांना हातमोजे द्यायचे की नाही, हे नवा चिटणीस पुढच्या महिन्यात त्याच्याशीच बोलून ठरवणार होता. ठेकेदारानं पाठीवर हात ठेवला, खरा लायक माणूस तूच म्हणाला, आणि रंगीत पोस्टरं नि सगळ्यांना टोप्या आपल्याकडून देऊ केल्या. मोबदला काही नको, फक्त ओळख ठेव म्हणाला. फिटर हुरळून गेला.

बायकोनं घरी टोप्यांचे गठ्ठे पाहिले आणि तिचा पारा चढला.

"ज्याच्याशी उद्या भांडायचं, त्याच्याच टोप्या वाटताय? मोजे मागताना तोंड उघडेल का तुमचं?"

तुला बहिणीच्या नवऱ्याचा पुळका, असं म्हणून त्यानं तिला गप्प केलं.

पण लोक अजूनही साडूच्याच पोस्टरांपाशी थांबत. शेवटी फिटरला राहवेना. जेवणाच्या सुट्टीतल्या सभेत तो उठला आणि त्यानं नियमच मांडला: प्रचाराचा खर्च कुणी केला, हे प्रत्येक उमेदवारानं सगळ्यांसमोर सांगायचं. साडूचं पितळ उघडं पाडायची एवढी घाई, की स्वतःपुरतं 'मित्रमंडळींनी केला' एवढं उत्तर त्याला पुरेसं वाटलं.

हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे, असं कुणीतरी म्हणालं. निवडणुकीचं काम पाहणाऱ्या, पॅकिंगमधल्या काकूंनी त्याला तिथंच थांबवलं.

"खासगी कसा? ज्यानं खर्च केला, त्याचं काम आधी होणार आणि आपलं मागे पडणार. मत देण्याआधी आपल्याला हे कळायला नको?"

सगळे हात वर झाले. नियम मंजूर.

आधी साडू बोलला. रद्दीतल्या खोक्यांचे पुठ्ठे काकूंना विचारून घेतले होते, उरलेला रंग रंगाऱ्यानं दिला होता आणि अक्षरं हंगामी बायकांनी काढली होती. त्यानं एकेकीला पुढे बोलावलं. बोटांना चिंध्या बांधलेल्या त्या बायका लाजत उभ्या राहिल्या. त्यांतल्या तिघींच्या डोक्यावर फिटरनं वाटलेल्या टोप्या होत्या.

फिटरची पाळी आली. तयार ठेवलेलं उत्तर त्याच्या तोंडून निघेना. त्या चिंध्यांवरून त्याची नजर हटत नव्हती.

"माझा सगळा खर्च ठेकेदारानं केला," तो म्हणाला. "आणि मी तो करू दिला, कारण साडूचं भलं मला बघवत नाही. मी जळत होतो."

साडूनं सरकून बाकावर त्याला जागा करून दिली.

निवडणुकीत फिटर सपाटून पडला, साडू चिटणीस झाला. पुढच्या महिन्यात ठेकेदार बोलणी करायला आला, तेव्हा साडूनं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून मोजे मागितले आणि मिळवले. साडूनं मुद्दाम शेजारी बसवलेल्या फिटरला पक्कं ठाऊक होतं, की त्या खुर्चीत आपण असतो तर मान खाली घालून मोज्यांशिवायच्या करारावर सही केली असती.

त्याची पोटदुखी पार गेली असं नाही. तुमची-आमची तरी कुठं जाते? पण एवढं ध्यानात ठेवा: मत मागायला आलेल्याला आधी विचारा, तुझा खर्च कोण करतंय? आणि स्वतः उभे राहिलात, तर कुणी विचारायच्या आधीच सांगा.