मी पडलो नव्हतो

मी घण बोलतोय. आठ किलोचा, भंगारातल्या ट्रकच्या आसातून घडलेला. सध्या पोलीस ठाण्याच्या मालखान्यात आहे, मानेला नंबराची चिठ्ठी बांधलेली. इथे मला हत्यार म्हणतात. जन्मभर मी अवजार होतो, म्हणून माझी जबानी मीच देतो.

मला घडवलं आमच्या लोहाराच्या, म्हणजे मिस्त्रीच्या बापाने, पण उचललं मिस्त्रीच्या आईने. त्या लोहारकामाची रीतच तशी. पुरुष बसून सांडशीत लाल लोखंड धरणार, हातोडीने ठक् करून जागा दाखवणार. बाई उभी राहून नेमका तिथे घण घालणार. दिवसभर. गिऱ्हाईक मात्र म्हणायचं, "मिस्त्री, काय ताकद आहे हो तुमच्या हातात!" आणि मिस्त्री मिशीत हसायचा. समोर त्याची बायको बाहीने घाम पुसत उभी असायची.

सासूच्या मागून वीस वर्षं मी या सुनेच्याच हातात होतो. तिला लोखंडाचा रंग वाचता यायचा. पिवळा, नारिंगी, लाल, आणि मग तो काळसर लाल, ज्यावर घाव घातला की लोखंड चिरतं. पण बाईने भट्टीपाशी बसायचं नाही, सांडशी धरायची नाही आणि रंगाबद्दल तर ब्र काढायचा नाही. का? मी तीन पिढ्या ऐकतोय, उत्तर कुणी दिलं नाही.

एका सकाळी तिने तो ब्र काढला, तोही गिऱ्हाइकासमोर. "अहो, गार पडलंय. पुन्हा तापवा."

"तू घाल."

तिने घातला. सांडशीतली गिऱ्हाइकाची पहार उभी चिरली. गिऱ्हाईक हसून म्हणालं, "मिस्त्री, तुमच्या घरात मिस्त्री नक्की कोण?" आणि निघून गेलं.

मिस्त्रीने शटर ओढलं. माझा दांडा ढिला झाला होता. त्याने तो उपसला, मी ऐरणीपाशी नुसतं डोकं होऊन पडलो. पहिला तडाखा तिच्या पाठीत बसला, दुसरा मांडीवर. तिसऱ्याला ती कोसळली. बारकी, त्यांची सतरा वर्षांची लेक, बापाच्या पायाला मिठी मारून ओरडत होती. त्याने तिला लाथेने भिंतीवर उडवलं आणि चौथा तिच्या आईवर घातला. गळ्याजवळचं हाड मोडलं. वाळक्या काटकीसारखा आवाज झाला. माझाच दांडा होता तो. मी बघत राहिलो.

दवाखान्यात तिने सांगितलं, घण पडला अंगावर. नर्सबाईंनी पाठ पाहिली, मांडी पाहिली आणि विचारलं, "घण चार वेळा पडला का हो? पडून पडून उठत होता?" तिने पुन्हा तेच सांगितलं. कागदावर 'घण पडला' असंच लिहिलं गेलं. घरी आल्यावर बारकी आईशी भांडली तेव्हा मला हे कळलं. आई एवढंच म्हणाली, "तुझं लग्न व्हायचंय अजून."

"म्हणजे मीही असंच सांगायचं? घण पडला म्हणून?"



आईचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून दांडा पुन्हा ठोकून बसवल्यावर बारकीने मला उचललं. पोरीचा हात पक्का होता. दोन महिन्यांनी, आईचा हात सुटला त्याच आठवड्यात, तीही बोलून गेली, "बाबा, गार झालंय."

मिस्त्री उठला. सांडशीतली लाल सळई त्याने तिच्या तोंडासमोर धरली. "बघ, गार आहे का. लाव गालाला."

बारकी मागे सरकली, भिंत लागली, मी तिच्या हातून सुटलो. कपाळावरचे केस चुरचुरले. जळका वास आला.

आईने मला उचललं. एकच घाव, त्याच्या हातावर. सांडशी, सळई आणि मनगट, तिन्ही खाली आली. तो गुरासारखा ओरडला.

पुढचं मी ठाण्यातल्या जबान्यांत ऐकलं. तोच दवाखाना, त्याच नर्सबाई. मिस्त्री घामाने भिजलेला. बायकोने मारलं असं सांगायची लाज वाटली असावी. म्हणाला, "घण पडला."

बारकीच्या आईने पहिल्यांदाच त्याचं बोलणं मध्येच तोडलं. "पडला नाही. मी मारला. लेकीचं तोंड भाजत होता. आणि मागच्या वेळीही पडला नव्हता. मागचा कागद काढा, तोही बदलून लिहा."

शिक्षा तिलाही होऊ शकते, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच मी इथे आहे. खटला दोघांवर आहे; ती जामिनावर सुटली आहे. कोर्ट काय म्हणेल, मला माहीत नाही. बारकी एकदा ठाण्यात आली होती, तेव्हा हवालदाराला सांगत होती, की आता सांडशी आई धरते, नवा घण माझ्या हातात असतो, आणि रंगावरून दोघींची रोज भांडणं होतात.

माझं मागणं एकच आहे. तुमच्या ओळखीची कुणी बाई म्हणाली, दार लागलं, जिन्यावरून घसरले, मोरीत पाय सरकला, तर मान डोलावून पुढे जाऊ नका. एकदा त्या दाराकडे बघा. तो जिना चढून बघा. आम्हाला बोलता येत नाही म्हणून तर सगळं आमच्यावर ढकललं जातं.