विमानतळाची बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. मला खटारा म्हणणाऱ्यांनी आधी माझं इंजिन ऐकावं, मग तोंड उघडावं!

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग इतका चमकायचा की लोक माझ्यात बघून भांग पाडायचे. बरीच वर्षं बाजाराच्या रस्त्यावर मी भाजीच्या पिशव्या, दप्तरं आणि प्रवाशांची भांडणं वाहिली. मग नव्या गाड्या आल्या आणि माझी रवानगी विमानतळाच्या मार्गावर झाली. मी हरखून गेले.

पण कसचं काय! जाताना मी भरलेली, येताना रिकामी. थांबा होता वरच्या पुलावर, विमानाने निघणाऱ्यांच्या दाराशी. विमानातून आलेले लोक बाहेर पडायचे खालच्या दारातून. त्यांना मी दिसणार कशी? ते बिचारे टॅक्सी शोधत बसायचे. शेवटी आगारप्रमुख म्हणाले, "महिनाअखेरीस हा मार्ग बंद. बस भंगारात काढा."

विमानतळावर फरशी पुसणाऱ्या मावशी रोज माझ्यातूनच ये-जा करत. "ही बंद झाली तर मला काम सोडावं लागेल हो," त्या चालककाकांना म्हणाल्या.

दोनच दिवसांनी पुलाच्या तोंडाशी माझ्या मागच्या चाकाने मान टाकली. काकांनी मला कशीबशी खालच्या रस्त्याला वळवलं आणि मी नेमकी त्या खालच्या दारासमोर थांबले. रखवालदार शिट्टी फुंकत धावला.

"इथे गाडी थांबवायची नाही!"

"अहो, मी कुठे थांबवली? तीच रुसलीय!" काका म्हणाले.

तेवढ्यात बॅगा ओढत एक आजी आल्या. "शहरात जाते का रे बाबा?"

"जाते की! चाक बदललं की लगेच."

आजी चढल्या. त्यांच्यामागून एक कुटुंब चढलं, मग रांगच लागली. काम आटोपून आलेल्या मावशी सगळ्यांच्या बॅगा आत घेत होत्या. आगारप्रमुख स्वतः दुसरं चाक घेऊन आले होते. परतताना त्यांना बसायला जागा मिळाली नाही. ते दांडा धरून उभे राहिले आणि शहर येईपर्यंत मान वळवून वळवून गर्दी बघत होते.

पुढच्याच आठवड्यात थांबा खाली आला. माझ्या दोन सीटा काढून तिथे बॅगांसाठी जागा केली. भंगाराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मावशी आजही उतरण्याआधी त्यांच्याजवळची खिडकी पुसतात. दिवसभर फरशी पुसून हात दुखत असतील, पण ऐकतील तर शपथ! म्हणतात, "हिच्या जिवावर माझी चूल पेटते."

मित्रांनो, तुम्ही काच पुसू नका हवं तर. निदान सीटवर नावं तरी कोरू नका!