दुधाच्या खोक्यावरचा डोम्ब्रोस्की

फोन व्हर्नाचा होता. व्हर्ना म्हणजे आर्डेनच्या थोरल्या भावाची, मर्लची बायको. मर्ल जाऊन एक जमाना झाला, पण ती अजून तळ्याकाठच्या त्याच घरात राहते. वादळाने कालपासून वीज गेलीय, तळघरातला फ्रीझर गळायला लागलाय आणि त्यात दुधाचं एक जुनं खोकं आहे, त्यावर तुझा तो खेळाडू आहे, एवढं ती बोलली. पुढेही तिला काही सांगायचं होतं. पण आर्डेन कुठला ऐकतोय! खोक्याला हात लावू नकोस, पुसू तर मुळीच नकोस, मी निघालोच, असं बजावून त्याने फोन ठेवूनही दिला.

त्याची बायको ग्लेनिस दारात उभी राहून ऐकत होती.

"व्हर्ना कशी आहे?"

"विचारायचं राहिलं."

"डोम्ब्रोस्कीला शिंक आली असती तर बरोबर विचारलं असतंस," ग्लेनिस म्हणाली आणि आत गेली.

हॅल डोम्ब्रोस्की हा काही मोठा खेळाडू नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. मिलवॉकीच्या बेसबॉल संघात राखीव म्हणून आला, चार-पाच हंगाम दुसऱ्या बेसवर धडपडला आणि गेला. पण मर्ल आणि आर्डेन ओसरीच्या पायरीवर रेडिओ लावून सामने ऐकायचे, तेव्हा मर्ल म्हणायचा, "पडतो फार, पण उठतो पटकन. आपल्याला असलाच माणूस आवडतो." मर्लला आवडला म्हटल्यावर आर्डेनला आवडणं भागच होतं.

दुकानात विकत मिळणारी त्याच्या फोटोची कार्डं आर्डेनने केव्हाच जमवली. तसली कार्डं कोणीही जमवतं हो. खरं वेड पुढेच लागलं, फुकट वाटलेल्या कार्डांचं. पावाच्या पुड्यात घातलेलं, सॉसेजच्या पाकिटात निघालेलं आणि म्हणून चरबीचा डाग पडलेलं, कुत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यावर छापलेलं. पोलीस शाळकरी पोरांना वाटायचे ते मिळवायला हा बाप्या मिशा फुटल्यावर चौकीत गेला होता, भाच्यासाठी हवंय म्हणून. भाचा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. सगळी कार्डं एका जाड वहीत, पारदर्शक कप्प्यांत लावलेली. एक कप्पा तेवढा रिकामा होता. एका छोट्या डेअरीने एकाच उन्हाळ्यात दुधाच्या खोक्यांवर मिलवॉकीचे खेळाडू छापले होते. लोकांनी दूध प्यायलं आणि खोकी फेकली. दुसरं काय करणार? डेअरीही बुडाली. आर्डेनने जाहिराती दिल्या, डेअरीच्या म्हाताऱ्या कामगारांची दारं ठोठावली, मोडक्या गोदामात उंदरांच्या लेंड्या उपसल्या, पण डोम्ब्रोस्की काही हाती लागला नाही.

आणि तो निघाला व्हर्नाच्या तळघरात! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

गाडीत त्याने शीतपेटी टाकली, टिपकागद घेतले, नवं पातं घेतलं. पण जीव थाऱ्यावर नव्हता. ओल धरली की जुन्या खोक्याचा रंग सालीसारखा सुटतो, हे त्याला ठाऊक होतं. आता पहिला थेंब सुटला असेल, आता नाक गेलं असेल, आता टोपी. रस्त्यात जागोजागी फांद्या पडलेल्या, वळसे घ्यावे लागत होते. एका ट्रॅक्टरमागे अडकला तेव्हा त्याने चक्क हॉर्न वाजवला. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये ट्रॅक्टरला कोणी हॉर्न वाजवत नाही. शेतकऱ्याला वाटलं कोणी ओळखीचा आहे, त्याने हसून हात केला. आर्डेनला स्वतःचीच लाज वाटली, तरी बोटं स्टिअरिंगवर नाचायची थांबली नाहीत.

व्हर्नाने खोकं टॉवेलात गुंडाळून मोरीत ठेवलं होतं. आर्डेनने टॉवेल सोडला. होता! डोम्ब्रोस्की होता, टोपी मागे सारलेला, हसरा, कडेला कात्रीने कापायची तुटक रेघही शाबूत. आर्डेनने खोकं उचललं तर ते जड लागलं.

"आत काय आहे?"

"पर्च," व्हर्ना म्हणाली. "मर्लचे."

तळ्याकाठी सगळे तसंच करतात. मासे साफ करून दुधाच्या रिकाम्या खोक्यात रचायचे, काठोकाठ पाणी भरायचं आणि गोठवायचं, म्हणजे मासा सुकत नाही. मर्लने त्या उन्हाळ्याच्या शेवटी गळाला लागलेले मासे असेच भरून ठेवले होते. पानं झडायच्या आत तो कागद कारखान्यात पाळीवर असतानाच छाती धरून कोसळला. बाकीची खोकी संपली. हे एक व्हर्नाने संपवलं नाही.

आर्डेन खुर्चीत बसला. मग त्याच्या डोक्यात दुसराच किडा वळवळला.

"तुला माहीत होतं? याच्यावर कोण आहे ते?"

"दर नाताळात तू वही उघडून तो रिकामा कप्पा दाखवायचास. मी काय आंधळी आहे?"

"मग मूग गिळून बसलीस?"

"सांगितलं असतं तर तू कात्री घेऊन आला असतास. आणि मला नाही म्हणवलं नसतं."

आर्डेनच्या अंगाची आग झाली. अर्धं आयुष्य वणवण केली, लोकांचं हसू करून घेतलं आणि ही नाताळाला बदकाचं मांस वाढत समोर बसायची! तो म्हणाला, "मासे सडले तरी चालतील, पण घरच्या माणसाला द्यायचं नाही." म्हटलं आणि जीभ चावली. पण शब्द सुटला तो सुटला. मोरीत पाणी ठिबकत होतं.

त्याने खोकं पुन्हा हातात घेतलं. कोपरे मऊ पडत होते. कार्ड हवं तर आत्ताच कापायला हवं होतं. मासे राखायचे तर खोकं आहे तसं बर्फात घालून त्याच्या घरच्या फ्रीझरात न्यायला हवं होतं, मग कार्ड कायमचं विसरायचं. त्याने शीतपेटीचं झाकण उघडलं.

"माझ्याकडे वीज आहे. नाही कापत. जसं आहे तसं ठेवतो," तो म्हणाला.

व्हर्ना हसली. ते हसणं काही सुखाचं नव्हतं.

"म्हणजे आता तू झोपायचा नाहीस. आभाळ गडगडलं की उठून फ्रीझरचा दिवा बघशील. लेकीकडे चार दिवस राहायला जाणार नाहीस, मागे वीज गेली तर म्हणून. एकदा मी हे कोटाखाली धरून शेजारणीच्या फ्रीझरात नेलं होतं, बर्फातून, चोरासारखी. मर्ल नाही रे उरला माझ्याकडे. फ्रीझर उरला." तिने पातं त्याच्या पुढ्यात सरकवलं. "वाचवायला नाही बोलावलं तुला. उघडायला बोलावलं. माझ्या एकटीच्याने होईना."

आर्डेनने पातं उचललं. तुटक रेघेवरून पातं फिरलं, डोम्ब्रोस्की अलगद सुटून आला. व्हर्नाने तो भांडी निथळायच्या जाळीत उभा केला. मग आर्डेनने उरलेलं खोकं सोललं आणि बर्फाची वीट मोकळी झाली. आत पर्च एकाला एक चिकटून रचलेले, आणि सगळ्यांत वर, आडवा, बोटभर मासा. तो मांजराचा वाटा. आधी काढता यावा म्हणून मर्ल तो नेहमी वर ठेवायचा, आणि मांजर पायात घोटाळत असताना त्याच्याशी तासभर गप्पा मारायचा.

आर्डेन रडला. भावाला पुरलं तेव्हा तो शवपेटीच्या कड्या सांभाळत होता, रडायला सवड नव्हती. आज मोरीच्या काठाला धरून ओक्साबोक्शी रडला, आणि व्हर्ना त्याच्या पाठीवरून ओला हात फिरवत राहिली.

दोघांनी वीट धक्क्यावर नेली आणि तळ्यात सोडली. ती थोडा वेळ तरंगली, मग सीगल जमा झाले. व्हर्नाने त्यांना हाकललं नाही. आर्डेनला आता तिथे उभं राहवेना. तो घरात न जाता धक्क्यावरूनच गाडीत जाऊन बसला आणि निघाला.

अर्ध्या वाटेवर पेट्रोल भरताना त्याने कार्ड बघायला मागच्या सीटकडे नजर टाकली. सीट रिकामी होती. शीतपेटी मोरीपाशी आणि डोम्ब्रोस्की व्हर्नाच्या जाळीतच राहिला होता. सकाळचा आर्डेन असता तर गाडी तिथल्या तिथे वळवली असती. त्याने फोन लावला. तिने उचलला.

"कशी आहेस?" त्याने विचारलं.

"वीज आली," व्हर्ना म्हणाली. "मी फ्रीझर लावला नाही परत." मग तिचा आवाज जरा सैल झाला. "तुझा खेळाडू सुकतोय इथे. मासळीचा वास मारतोय मेला. पुसून ठेवू?"

"पुसू नकोस," आर्डेन म्हणाला. "रविवारी येतो."