रुद्रम्माशेजारची जागा

कल्याणप्पाला मरणाचं भय नव्हतं. ऐंशी पार केलेला गडी, सगळं भोगून बसलेला. घोर एकच, रुद्रम्माशेजारची जागा आपल्याला राहते का नाही. त्यांच्या लिंगायत घराण्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. आपल्याच रानात पुरुषभर खड्डा खणून मांडी घालून बसवतात. त्याची बायको रुद्रम्मा तशीच लिंबाखाली बसली होती.

आता रान कसलं, म्हणा! बारा वर्षांमागं ह्या बहाद्दरानं माकणीजवळची पाच एकराची काळी माती वीटभट्टीला विकली. लेक श्रीशैलनं पाय धरले, "आप्पा, माती फिरून येत न्हाय." म्हातारा हसला. "माझ्या बापाची हाय. माझ्यामागं तुमी दगडं खा." जेसीबीनं मुरूम लागेस्तोवर सगळं ओरबाडलं. लिंबाखालचा तेवढा चौथरा त्यानं राखून ठेवला, रुद्रम्मासाठी आणि स्वतःसाठी. पैशात गाडी आली, काशी झाली, गावजेवणं उठली. श्रीशैल मात्र त्याच मुरमात ज्वारी पेरत राहिला. ज्वारी गुडघ्याच्या वर कधी आलीच नाही.

आज श्रीशैलच गेला. छाती धरून बांधावरच बसला तो उठलाच नाही. त्याची लेक शिवलीला माणसं घेऊन रानात आली. चार ठिकाणी टिकाव मारला, चारी ठिकाणी खण्‌ वाजलं. हातभर खाली जाईना.

"चौथऱ्यात खणा," ती म्हणाली.

कल्याणप्पा काठी टेकत आडवा आला. लेकाचं मढं समोर, आणि हा ओरडला, "ती जागा माझी हाय! पोराला गावच्या पुरायच्या जागेत न्या."

"आज्जा, तिथली माती बी सरपंच असताना तुमीच भट्टीला दिली."

खड्डा झाला. श्रीशैल आईशेजारी बसला. जंगमानं बेल वाहिला, माणसांनी माती लोटली. चौथरा संपला. कल्याणप्पानं वाकून पाहिलं, वीतभर जागा उरली नव्हती. त्याला रडू फुटलं, ते लेकासाठी नव्हतं, हे सगळ्यांना कळलं.

"आन्‌ मला गं? मला कुठं बसवणार?"

शिवलीलानं हात झटकले.

"तुमाला जाळू, आज्जा. जाळायला माती लागत न्हाय."

जंगमानं बेलाची पिशवी उचलली. माणसं टिकाव खांद्यावर टाकून वाटेला लागली.