शंभर दिवसांची झोप

सव्वीस वर्षं मी पेशी वाढवते आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत मरायला टेकलेल्या पेशीही माझ्या हाताखाली उभ्या राहतात, आणि याचा मला माज आहे. नसता तर हे घडलं नसतं.

पुण्याहून आलेली कस्तुरी आमच्याकडे पीएचडी करते. तिचा विषय भलताच. आपल्या जनुकांमध्ये काही उनाड तुकडे असतात. संधी मिळाली की जागा सोडून दुसरीकडे घुसतात आणि नासधूस करतात. पेशी वाढायची थांबून निजली, तरी तिला या तुकड्यांना गप्प ठेवावंच लागतं. हे ती किती दिवस निभावते, ते कस्तुरीला पाहायचं होतं. त्यासाठी बारा बशांमधल्या पेशी सलग शंभर दिवस अर्धपोटी ठेवून निजवलेल्या हव्या होत्या. तिची पीएचडीची मुदत महिनाअखेरीस संपत होती आणि वाढवून मिळणार नव्हती. हे तिने मला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मी नुसती मान डोलावली.

एक्क्याण्णवाव्या दिवशी तिला ताप भरला. खोलीवरून फोन आला.

"प्रेमाअक्का, प्लीज माझ्या सेल्सना फीड कराल? फिकट बाटलीतलंच घाला हं."

"सरी गं, घालते. तू स्वल्प पडून राहा."

बशा काढल्या, तर पेशी विरळ, रोडावलेल्या. फिकट बाटलीत पोषक सीरम नावापुरतंच होतं. पोरगी तापात बरळतेय, असं मी ठरवूनच टाकलं. माझी भरपूर सीरमची बाटली काढली आणि बाराही बशांना पोटभर घातलं. वर खुशीत घरी गेले.

तिसऱ्या दिवशी कस्तुरी आली. सूक्ष्मदर्शकातून पाहून तिने विचारलं, "अक्का, कुठलं घातलंत?"

मी सांगितलं. तिचा चेहरा बघून मी घाईने विचारलं,

"पुन्हा निजवता येतील ना गं?"

"येतील. पण पहिल्या दिवसापासून."

मी स्वतः तिच्या मार्गदर्शक सरांकडे जाऊन चूक कबूल केली. ते ओरडलेसुद्धा नाहीत. "बघू," म्हणाले. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

परत आले तेव्हा कस्तुरी अजून सूक्ष्मदर्शकापाशीच बसली होती. मला रडू फुटलं. "शिव्या दे गं मला," मी म्हटलं.

"किती छान वाढल्यात, अक्का," ती म्हणाली, आणि मला बघता यावं म्हणून बाजूला सरकली.