भावसिंग नायकाची झोपेची कॉफी

मित्रांनो, माझ्या पोटात तळाशी एक काळा थर बसला आहे. तो चिंचेने जात नाही, राखेनेही जात नाही. मी यवतमाळच्या तांबटाने घडवलेली जुनी पितळी किटली. कॉफी पिणाऱ्या एका थोर माणसाला मी फार जवळून पाहिले आहे, आणि त्याच्याविषयी माझे मत बिलकूल चांगले नाही.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात भावसिंग नायक कापसाची गाडी घेऊन यवतमाळला आला. नायक म्हणजे बंजारा तांड्याचा प्रमुख, त्याचा शब्द तांड्यात शेवटचा. गाड्यांच्या रांगेत तो दोन रात्री जागा होता. व्यापाऱ्याने त्याला घरी नेऊन पुरणपोळी खाऊ घातली आणि वर जायफळ घातलेली कॉफी दिली. परतताना हा गाडीत आडवा झाला तो तांडा येईपर्यंत घोरत होता. एवढे जागरण, वर एवढे जेवण, दगडालाही झोप लागली असती. पण नायकाने ठरवून टाकले की कॉफी हे झोपेचे औषध आहे. पुढच्या खेपेला त्याने कॉफीचा डबा घेतला आणि मला घेतले.

"अन् जायफळ?" त्याच्या बायकोने, रुपीबाईने विचारले.

"जायफळ लेकरायले उगाळून देतेत. मी काय पाळण्यात हाओ?" नायक म्हणाला. झाले, एवढ्यात वैद्यकी आटोपली.

त्याच आठवड्यात त्याच्या मुलाचे, देवीलालचे लग्न झाले आणि ढाणकीकडच्या तांड्यातली लालीबाई सून होऊन आली. माझे चांगले दिवस ते तेवढेच. ती मला अशी घासायची की चुलीचा जाळ माझ्यात दिसायचा. पाहुणे माझी तारीफ करायचे आणि नायक ती स्वतःची समजायचा.

आता तो चहाला नाक मुरडू लागला. चहा गडीमाणसांनी प्यावा म्हणे. सकाळी कॉफी, दुपारी कॉफी आणि दिवे लागले की खास झोपेसाठी सगळ्यांत काळी कॉफी. झोप येईना, म्हणून भुकटी वाढवायची. वाढवली की झोप आणखीच पळायची. भुकटी मात्र तो स्वतःच्या हाताने टाकायचा, त्यात कोणावर भरवसा नव्हता. थोड्याच दिवसांत त्याची छाती धडधडू लागली, हात कापू लागले, आंबट ढेकरांनी जीव नकोसा झाला. तरी पेला सुटेना. अकलेचा कांदा, दुसरे काय म्हणू?

मग या शहाण्याला कारण सापडले. "हे पोरगी घरात आली अन् माही झोप गेली," तो म्हणाला. "पायगुणच वाईट हाये इचा."

सासऱ्यापुढे सुनेने तोंड उघडायचे नाही अशी तिथली रीत. लालीबाई पदराआड रडायची आणि मला घासायची. देवीलाल जमिनीकडे बघायचा. तेवढे त्याला उत्तम जमत असे.

चैत्रात नायक कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेला आणि काही दिवस तिथेच राहिला. तिथे कॉफी कुठली? आधी त्याचे डोके फुटायला आले, मग मात्र गाढ झोप लागली. तो आला तो तुरतुरत आला.

"घर सोडलं का झोप येते," त्याने सांगितले. "मंजी खोट घरातच हाये. हिले माहेरी धाडा." तर्क कसा चोख, पाहा. फक्त घरात मीही होते, हे त्याला सुचले नाही.

सुनेला टाकायचे म्हणजे तांड्याची नसाब, म्हणजे पंचायत बसवावी लागते. दिवस कलताना पंच जमले. नायकाने थाटात मला चुलीवर चढवून स्वतः भुकटी टाकली आणि सगळ्यांना पेलाभर पाजली. लालीबाईचा बाप देवसिंग दुरून यायचा होता, म्हणून निकाल सकाळवर गेला.

सकाळी पंच बसले तेव्हा एकाचाही चेहरा पाहवत नव्हता. सगळ्यांत म्हातारा खेमसिंग डोळे चोळत म्हणाला, "रातभर माह्या छातीत ढोल वाजून राह्यला होता. माह्या घरी तं सून नाही, पोरगंही नाही. मंग माही झोप कोनाच्या पायगुणानं गेली, नायक?"

"मी तं रातभर लोटा घेऊनच हिंडलो," धरमसिंग पुटपुटला.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नायकाने घसा खाकरला. वाटले, आता तरी चूक कबूल करील. पण नाही. तो म्हणाला, "बरं, सुनेले ठेवतो. मी तिले माफ केलं."

देवसिंगाने बिचाऱ्याने हात जोडले. मला इतकी किळस आली की काय सांगू.

गाठोडे घेऊन उभी असलेली लालीबाई पहिल्यांदाच बोलली. "माफ कायचं केलं, थे सांगा, मामाजी. नाही सांगता येत तं मी हे चालली." ती बापाचा हात धरून तांड्याबाहेर चालू लागली. पंच उठले, देवीलाल जमिनीकडे बघत राहिला.

सकाळची कॉफी हुकल्याने नायकाचे डोके ठणकायला लागले होते. तो रुपीबाईला म्हणाला, "कॉफी ठेव."

"सुनेले घेऊन या," ती म्हणाली. "मंग चूल पेटन."

नायक अनवाणी धावला. सगळ्या तांड्यादेखत त्याने सुनेला गाठले आणि म्हणाला, "चुकलं माह्यं, बाई. तुह्या पायात काही खोट नाही. घरी चाल." लालीबाई परत आली. रुपीबाईने चूल पेटवली खरी, पण भाकरी टाकली आणि नायकापुढे ताक ठेवले. मला तिने खुंटीला अडकवले. चार दिवस तो डोके धरून बसला, मग झोपू लागला. मी तेव्हापासून इथेच आहे, कल्हई उडालेली, हिरवी पडलेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याला वेळच्या वेळी कल्हई करा. कॉफी प्यायची तर दिवसाउजेडी, बेताने प्या. ती अंगाला सोसली नाही तर तिचे खापर दुसऱ्याच्या लेकीवर फोडू नका.

भावसिंग नायक न्यायासाठी धावला, असे तांड्यात अजून अभिमानाने सांगतात. मी तिथे होते. तो कॉफीसाठी धावला.