आतून लागलेली कडी

मी दरवाजा बोलतोय. आतल्या खोलीचा, भरीव लाकडाचा. मला ठोकूनठाकून उभा करणारा सुतार म्हणाला होता, "हत्ती आला तरी हलायचा नाही." ऐकून माझी छाती फुगली होती. पुढे त्याच मजबुतीची मला लाज वाटली.

घरातले वडील गॅरेज चालवतात. हात लोखंडाचे आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्या लाथांनी माझी खालची फळी पिचली. आई मध्ये पडली की तिलाही तडाखे बसत. मुलगी चौदा वर्षांची. सगळे तिला खारू म्हणत. मार खाल्ला की ती आत येई, कडी लावी आणि मला पाठ टेकून हमसत बसे.

त्या वर्षी वर्गातल्या पोरांनी तिचा चेहरा चिकटवून एक घाणेरडा फोटो मोबाइलवर फिरवला. तिने घरी अवाक्षर काढलं नाही. तिचं जेवण सुटलं, बोलणं खुंटलं. मग एका दुपारी त्या फोटोवरून शाळेतून वडिलांना फोन आला.

"तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" त्यांनी काही न विचारता पट्टा काढला. तिचा फोन माझ्यावर आपटला, काचा उडाल्या. आईने त्यांचा हात धरला, तर तीच भिंतीवर जाऊन आदळली. खारू आत पळाली. कडी लागली. पण या वेळी ती मला टेकून बसली नाही. रडलीसुद्धा नाही. मला त्या शांततेची धडकी भरली.

तेवढ्यात आत्या आली, वडिलांची बहीण. बसमध्ये कंडक्टर, आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. हातात खारूचे स्केट होते.

"खारू काल माझ्या पोरीला हे देऊन गेली. 'मला आता लागणार नाहीत' म्हणाली. दादा, कुठे आहे ती?"

"आत. नाटकं चाललीत."

आत्याने मला कान लावला. "खारू, सरळ विचारते. जिवाचं काही करायचा विचार आहे का तुझा?"

"वेडी आहेस का? पोरीच्या डोक्यात भलतंसलतं भरू नकोस!" वडील ओरडले.

"डोक्यात आधीच असेल तर, दादा? मला कळायला नको? खारू, बोल गं!"

आतून उत्तर आलं नाही. आत काय चाललं होतं ते फक्त मी पाहिलं आणि ते मी कधीच सांगणार नाही.

"फोड!" आत्या किंचाळली.

वडिलांनी गाडीतून पहार आणली. पहिल्या घावात माझी फळी चिरली. जन्मभर घट्ट उभा राहिलेला मी, मनात म्हणत होतो, आणखी जोरात मारा! बिजागरी उखडली, कडी तुटून पडली आणि मी आडवा झालो. माझ्यावर पाय देऊन आत्या आत घुसली आणि तिने पोरीला कवेत घेतलं. खारूने तिला ओरबाडलं, दंडाला कडकडून चावली. रक्त आलं.

"सोड मला! सोड!"

"चाव हवं तेवढं. सोडणार नाही."

वडील पुढे सरसावले. आत्या गरजली, "पहार टाक आणि मागे हो! तुझा हात बघूनच ती कापतेय."

पहार खणकन पडली. ते खाली बसले. मग खारू बोलली, "आत्या, मला हे सगळं थांबायला हवं होतं गं. दुसरं काही सुचेना."

त्याच दिवशी आत्या तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. खारू काही महिने आत्याकडे राहिली, समुपदेशक बाईंकडे जात राहिली. फोटोची तक्रार आई आणि आत्याने केली. "माझ्या पोरीला मारणाऱ्याच्या घरात मी राहणार नाही," असं आई वडिलांना तोंडावर म्हणाली. त्यानंतर वडीलही त्या बाईंकडे जाऊ लागले. पहिल्या दिवशी चिडून अर्ध्यातून उठून आले, दुसऱ्यांदा पूर्ण बसले.

आता मी ठिगळं लावून पुन्हा उभा आहे, कडीशिवाय. परवा खारू घरी आली. वडिलांनी कशावरून तरी आवाज चढवला. ती वळली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि घर दणाणेल असं ओरडली, "बाबा, तुम्ही मला मारत होतात! मला तुमची भीती वाटायची!"

वडिलांच्या मुठी आवळल्या. मग सैल झाल्या. "बोल," ते म्हणाले. "आणखी बोल."

ती बराच वेळ बोलत होती. माणसांनो, तुमच्या घरातलं एखादं पोर गप्प झालं असेल, तर मला फोडायची वेळ येऊ देऊ नका. आजच विचारा.